पोरांची कमाई कुणाची?

वार्षिक परीक्षा संपली की कोल्हापुरातल्या घराघरांत एकच प्रश्न निघतो. आता दोन महिने पोरगं करणार काय? एका घरात शिबिरांची पत्रकं जमा होतात. पोहणं, स्केटिंग, अबॅकस, जे जमेल ते. दुसऱ्या घरातली आई गल्लीतल्या दुकानदाराला आधीच सांगून ठेवते, "सुट्टीत येईल की आमचा. बसवा काऊंटरवर. वह्या-पुस्तकांचं तरी निघंल." मुलांनी कमवावं की नाही, हा वाद आपल्याकडं नेहमी या दोन घरांची सरमिसळ करून घातला जातो. पहिल्या घरातला बाप म्हणतो, आत्तापासून कशाला पैशाचा नाद? दुसऱ्या घरात नादाचा विषयच नसतो, तिथं नड असते.

मुलांनी योग्य वयात, झेपेल अशा कामातून चार पैसे स्वतः मिळवावेत, या मताचा मी आहे. पण या जिल्ह्यातले धंदे, शाळा आणि कायदा एकत्र पाहिला की एक गोष्ट खटकत राहते. कामाला हात लावणारी मुलं आपल्याकडं भरपूर आहेत. त्या कामाचा पैसा ज्यांच्या हातात पडतो, ज्यांच्या नावावर जमा होतो, अशी मुलं फार थोडी. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीनं २०२३ मध्ये देशातल्या २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना गाठलं. घरकाम सोडून दुसरं काम महिन्यातले निदान पंधरा दिवस करणारे मुलगे सुमारे ४० टक्के आणि मुली सुमारे २८ टक्के निघाल्या. त्यांतली बहुतेक घरच्याच शेतात राबणारी. घरच्या शेतात राबलेल्या पोराला मजुरी कोण देतो? वैरण कापणं, धारा काढणं, किटली घेऊन गावातल्या दूध संस्थेत जाऊन दूध घालणं हे सगळं पोरानं करायचं आणि दहा दिवसांचं बिल बापाच्या नावावर निघायचं, हा आपल्याकडचा शिरस्ता आहे. त्यात बापाची लबाडी नसते. पोराच्या वाट्याचा हिशेब असा काही असतो, हेच कुणाच्या डोक्यात येत नाही.

आधी कायदा नीट पाहू, कारण त्याबद्दल दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. १९८६ चा बालकामगार कायदा २०१६ मध्ये बदलला आणि १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही धंद्यात कामावर ठेवायला बंदी आली. १४ पूर्ण ते १८ या वयाला कायद्यानं किशोरवय म्हटलंय. या वयात खाणी, ज्वालाग्राही आणि स्फोटक पदार्थ व धोकादायक प्रक्रिया वगळता इतर काम करायला मुभा आहे. बंदी मोडणाऱ्या मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद, २० ते ५० हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे 'अठराच्या आत काम केलं की पोलीस धरतात' हेही खरं नाही आणि 'सुट्टीत काय होतंय, ठेवा की' हेही खरं नाही. सहावीतलं पोरगं हॉटेलात टेबल पुसायला ठेवलं, तर सुट्टीतसुद्धा तो गुन्हाच.

चौदाच्या आतल्या मुलांसाठी कायद्यात दोन वाटा मोकळ्या ठेवल्यात. एक घरच्या कामात मदतीची, दुसरी बालकलाकाराची. २०१७ च्या नियमांनी या दोन्हींना कुंपण घातलं. घरच्या मदतीसाठी कुटुंब म्हणजे आई-वडील, भाऊ-बहीण, काका, आत्या, मामा, मावशी. आजी-आजोबांचं नाव त्या व्याख्येत नाही, हे वाचून मला नवल वाटलं होतं. शाळेच्या वेळेत मदत घ्यायची नाही, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळात घ्यायची नाही, दिवसाला तीन तासांवर जाऊ द्यायची नाही, मोठ्या माणसाच्या जागी मुलाला उभं करायचं नाही. आणि ज्या कामातून मुलाला किंवा घराला पैसा मिळतो, ते या मदतीत मुळीच धरायचं नाही. शेवटची अट काटेकोर लावली, तर बापाच्या वड्याच्या गाड्यावर गिऱ्हाइकाला प्लेट देणारा बारा वर्षांचा मुलगाही नियमाबाहेर जातो. प्रत्यक्षात अशी मुलं रोज दिसतात. तरी मला ही अट बरोबर वाटते. चौदाच्या आत पोरगं शिकत असावं, खेळत असावं, घरात हात लावत असावं. मजुरीचा दर त्याच्या अंगाला चिकटू नये.

आपल्या शहराला हे नवं नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळात एक रुपया म्हणजे गरिबाला जड रक्कम. मूल गुरं राखतं, शेतात खपतं, दोन पैसे आणतं म्हणून त्याला शाळेत घालायचं नाही, हा हिशेब महाराजांना पक्का ठाऊक होता. दंडाची रक्कम त्या हिशेबालाच भिडणारी होती.

त्याच मातीत दुसरा विचार उगवला. हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजला १८८७ मध्ये जन्मलेले, कोल्हापुरात शिकलेले, शाहू महाराजांच्या सहवासात राहिलेले भाऊराव पाटील. १९१९ मध्ये त्यांनी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. पुढं साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवणारं वसतिगृह सुरू झालं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव मिळालं. मुलं स्वतः स्वयंपाक करत, शेतात राबत, बांधकामावर दगड-माती वाहत, आणि त्या श्रमावर त्यांचं शिक्षण चाले. १९४७ मध्ये साताऱ्याला निघालेलं छत्रपती शिवाजी कॉलेज तर 'कमवा आणि शिका' याच पायावर उभं राहिलं. अंगमेहनत करा, फी माफ.

कर्मवीर भाऊरावांचं मोठेपण सांगताना आपण त्यागाच्या गोष्टी सांगतो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगसाठी अंगावरचे दागिने मोडले, ही गोष्ट शाळेत प्रत्येकानं ऐकलेली असते. माझ्या लेखी भाऊरावांच्या योजनेतला खरा कस व्यवहारात आहे. त्यांनी मुलाच्या श्रमाची किंमत ठरवली आणि ती किंमत थेट त्या मुलाच्या शिक्षणाला जोडली. मधे मालक नाही, दलाल नाही आणि घरच्या खर्चात ती विरघळून जाण्याची सोयही नाही. काम कितीही हलकं असो, ते संस्थेच्या नजरेखाली होई. शाळा चुकवून काम करण्याचा प्रश्नच नव्हता, कारण शाळेसाठीच काम होतं. या शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेले बॅ. पी. जी. पाटील पुढं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठातही 'कमवा आणि शिका' आहे. खेड्यापाड्यांतून आलेली मुलं-मुली रोजचे काही तास विद्यापीठात काम करून पदव्युत्तर शिक्षण घेतात. राज्यातल्या इतर विद्यापीठांनीही ही योजना घेतली.

पण ती सुरू होते कॉलेजात गेल्यावर. चौदा ते अठरा, म्हणजे नववी ते बारावी, या वयाला कायदा काम करू देतो, पण 'कमवा आणि शिका'सारखी योजना मात्र दिसत नाही. नववीतल्या मुलाला कमवायचं असेल तर त्यानं स्वतःच दार ठोठवायचं. त्या दारामागं कोण आहे, हे नशिबावर. या लेखात पुढं जे येतंय ते बहुतेक या मोकळ्या सोडलेल्या चार वर्षांचं आहे.

कोल्हापूरनं कमावती मुलं पाहिली ती रंगभूमीवर आणि पडद्यावरही. संगीतसूर्य केशवराव भोसले १८९० मध्ये इथं जन्मले, वडील गेले आणि अगदी कोवळ्या वयात ते नाटक कंपनीत दाखल झाले. १९०८ मध्ये ललितकलादर्श काढली तेव्हा त्यांनी विशीसुद्धा गाठली नव्हती. व्ही. शांताराम पोरवयात गंधर्व नाटक मंडळीत होते, मग हुबळीला रेल्वेच्या वर्कशॉपात, मग सिनेमाच्या तंबूत पडेल ते काम, आणि १९२० मध्ये बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत. मास्टर दीनानाथ १९४२ मध्ये गेले तेव्हा लता मंगेशकर तेराव्या वर्षात होत्या. घराचा भार अंगावर आला. मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये काम करत त्यांनी कोल्हापुरात काही वर्षं काढली आणि १९४५ मध्ये मुंबईचा रस्ता धरला. ही नावं आपण अभिमानानं घेतो, घ्यायलाच हवीत. पण तिघांच्याही वाट्याला शाळा आली नाही किंवा नावापुरतीच आली. पोरवयात कंपनीत गेलेल्या आणि पुढं कुणी न ओळखलेल्या मुलांची गणती कुठंच नाही. आजच्या नियमांत बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांहून जास्त थांबवता येत नाही, आणि त्याच्या मिळकतीतला निदान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावानं मुदत ठेवीत घालावा लागतो. आता मालिकांची चित्रीकरणं कोल्हापूरच्या आसपास होतात. पोराला तिथं नेणाऱ्या आई-बापांनी ती पावती मागून घ्यावी.

शाळकरी मुलाची सगळ्यांत प्रतिष्ठेची कमाई म्हणजे पेपर टाकणं. या कामाला आपल्याकडं मान आहे, आणि त्याचं श्रेय डॉ. अब्दुल कलामांना जातं. दुसऱ्या महायुद्धात रामेश्वरमला गाडी थांबायची बंद झाली, चालत्या गाडीतून पेपरचे गठ्ठे खाली फेकले जाऊ लागले, आणि ते गोळा करून वाटण्यात लहानग्या कलामांनी आपली पहिली कमाई केली. त्यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, महाराष्ट्रात वृत्तपत्र विक्रेता दिन म्हणून साजरा होतो. पहाटे अंधार असताना चौकातल्या कट्ट्यावर गठ्ठे उतरतात. पोरं मांडी घालून मुख्य अंकात पुरवण्या सारतात, बोटं शाईनं काळी होतात, मग आपापल्या लाईनप्रमाणे अंक लावून सायकलच्या हँडलला पिशवी अडकवतात. कुठल्या घरी कुठला पेपर, कोण गावाला गेलंय, कुणाचं कुत्रं मोकळं असतं, कुठं दुसऱ्या मजल्यावर नेमका फेकायचा, हे सगळं डोक्यात. सातला घरी, अंघोळ करून शाळेत. महिन्याच्या शेवटी बिलं फाडायची आणि उधारी मागायची हे खरं शिक्षण. मोठ्या माणसाकडं त्याच्याच दारात उभं राहून आपले पैसे न लाजता मागता येणं, ही गोष्ट पुढं जन्मभर उपयोगी पडते.

या कामाची अडचण अशी की ते बाराव्या-तेराव्या वर्षीच सुरू होतं. विक्रेत्याचा स्वतःचा मुलगा असला तरी पहाटेची वेळ नियमात बसत नाही. ब्रिटनमध्ये १३ वर्षांच्या मुलाला हलकं अर्धवेळ काम चालतं, पेपर टाकणं हे त्यातलं सगळ्यांत रुळलेलं. पण तिथं सकाळी सातच्या आधी काम नाही आणि बहुतेक ठिकाणी स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. आपल्याकडं परवाना नाही, नोंद नाही. पावसाळ्यात पहाटे सायकलवरून घसरून हात मोडला तर भरपाईची जबाबदारी कुणाची, याचं उत्तर कुणाकडं नसतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला, विक्रेत्याकडं नावाची नोंद आणि अपघात विमा करून हे काम दिलं, तर त्याच्याइतकं चांगलं काम दुसरं नाही. पेपर घेणारी घरं कमी होत चालली आहेत, हेही खरं.

धंद्यांकडं वळू. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या फॅशन कंपनीनं तशाच चपला मांडल्या आणि श्रेयावरून मोठा गदारोळ झाला. कारागिरांचं नाव घ्या, ही मागणी रास्तच होती. पण कारागिराच्या घरात कोण काय करतं, हे त्या गदारोळात कुणी विचारलं नाही. तळ कापणं, ठोकणं पुरुषाकडं. चामड्याच्या बारीक वाद्यांची वेणी घालणं, पट्ट्यावर ती शिवणं, गोंडे लावणं हे बहुतेक घरातल्या बायकांकडं आणि त्यांच्याजवळ बसलेल्या मुलींकडं. वेणी घालणारीची बोटं पाहत राहावीत अशी चालतात. वादी ओली ठेवायची, ओढ सगळीकडं सारखी ठेवायची, एक जरी पदर सैल पडला तर वेणी पट्ट्यावर सपाट बसत नाही. सोळा वर्षांच्या मुलीच्या हातात हे कसब येतं तेव्हा ती कारागीर झालेली असते. मजुरी नगावर असते आणि नग आईच्या नावावर मोजले जातात. एक वेगळी वही आणि त्या मुलीचं एक खातं एवढ्यानं ती मदतनीसाची कमावती होईल. तिला पुढं हाच धंदा करायचा की नाही, हेही मग तिला स्वतःच्या कमाईकडं बघून ठरवता येईल.

शिवाजी उद्यमनगर हे आपलं दुसरं विद्यापीठ. लेथवर हात बसलेली, शाळा अर्धवट सोडलेली पोरं पुढं कारखानदार झाली, अशी उदाहरणं इथं गल्लीगल्लीत सांगतात. 'मेस्त्रीच्या हाताखाली घाला' हा सल्ला अजून दिला जातो. पण फौंड्री ही कायद्याच्या यादीत धोकादायक प्रक्रिया आहे, तिथं अठराच्या आत काम नाही. साच्यात वितळलेलं लोखंड ओततात तिथं सतरा वर्षांचं पोरगं उभं करणाऱ्याला मी कारखानदार म्हणणार नाही. मशीनशॉपची गोष्ट वेगळी. तिथं सरळ वाट आहे ती १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याची. धोकादायक नसलेल्या धंद्यांत चौदा वर्षांपासून करार करता येतो, विद्यावेतन मिळतं आणि शेवटी हातात प्रमाणपत्र पडतं. दहावीनंतर आयटीआय करून ही वाट धरलेला मुलगा आणि आठवीतून उठून गॅरेजात गेलेला मुलगा, दोघांच्याही हाताला ग्रीस सारखंच लागतं. तिसाव्या वर्षी दोघांच्या पगारात जो फरक पडतो तो त्या कागदाचा. इचलकरंजीत यंत्रमागाच्या पट्ट्यात घरोघरी कांड्या भरण्याचं काम चालतं. त्याबद्दल एवढंच सांगतो की कांडी मशीनच्या खडखडाटात अभ्यास होत नाही, आणि ते काम दहा वर्षं केलं तरी पहिल्या आठवड्यात शिकलं त्यापेक्षा जास्त काही शिकवत नाही. मुलांना तिथं बसवू नये.

कमाईचा एक प्रकार आपल्याकडं अजून टिकलाय, तो म्हणजे कुस्तीचं इनाम. गावच्या जत्रेत आखाड्याची सुरुवात रेवड्यांच्या कुस्त्यांनी होते. सात-आठ वर्षांची पोरं लाल मातीत उतरतात आणि जिंकणाऱ्याच्या ओंजळीत रेवड्या पडतात. मग दहा-वीस रुपयांच्या जोडी, मग शंभर-दोनशेच्या, मग हजारांच्या. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींत राहणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोराचं जत्रांच्या हंगामातलं इनाम त्याच्या खुराकाला लागतं. दूध, बदाम, तूप यांची महागाई पाहता ते पुरत नाही आणि बाकीचं बाप शेतीतून धाडतो. तरी हा पैसा मला फार मोलाचा वाटतो. तो कुणाच्या हाताखाली राबून मिळालेला नसतो. चारचौघांत, हलगीच्या तालावर, अंगच्या बळानं मिळवलेला असतो. दुखापत झाली की हे उत्पन्न एका दिवसात बंद पडतं, हे मात्र वस्तादांनी पोराला आधी सांगावं.

मुलींबद्दल वेगळं बोलायला हवं. मेंदी काढणं, पिको-फॉल, खालच्या वर्गातल्या मुलांच्या शिकवण्या, राख्या, दिवाळीत पणत्या रंगवणं, लग्नसराईत पार्लरवाल्या ताईच्या हाताखाली काम अशा घरबसल्या किंवा घराजवळच्या कामांत मुली पुष्कळ आहेत आणि चोख आहेत. अडचण दोन ठिकाणी येते. एक, ही कामं 'हौस' म्हणून धरली जातात आणि नात्यातली माणसं पैसे देत नाहीत. "आपल्याच घरचं लग्न आहे की!" असं म्हणून चाळीस हातांची मेंदी फुकट काढून घेतली जाते. दुसरं, घरकाम. भावाला दळण आणल्याबद्दल दहा रुपये आणि बहिणीला रोज भांडी घासल्याबद्दल काही नाही, असं ज्या घरात चालतं तिथं पैशाबरोबर एक वाईट धडाही दिला जातो. म्हणून घरातल्या कामाला पैसे देऊच नयेत, असं मी आई-बापांना सांगत असतो. घरकाम सगळ्यांनी मिळून फुकट करावं. खाऊचा पैसा द्यायचा तर ठरलेल्या दिवशी, दोघांना सारखा.

गावाकडं मुलांच्या स्वतःच्या पैशाची एक जुनी, सुंदर पद्धत आहे. घरातली एक कोंबडी किंवा शेळी पोरीच्या नावानं ठेवायची. अंड्यांचे पैसे तिचे. शेळी अर्धलीनं दिलेली असली तर पिलांतला वाटा तिचा. मजुरी नाही, मालक नाही, शाळा बुडत नाही आणि जित्राबाची काळजी घेतल्याशिवाय पैसा दिसत नाही. आजही हे जिथं चालू आहे तिथं मोडू नका.

जिल्हा परिषदेच्या आणि खासगी शाळांत अलीकडं आनंद बाजार भरतो. पोरं मैदानात भाजी, भेळ, सरबत मांडून बसतात, पालक कौतुकानं विकत घेतात, फोटो निघतात. हेतू चांगला आहे, पण हिशेब शेवटपर्यंत केला जात नाही. समजा दोन मैत्रिणींनी भडंगाची ४० पाकिटं २० रुपयांना विकली. गल्ल्यात ८०० रुपये आले आणि दोघी नाचत घरी गेल्या. आता चुरमुऱ्याचे १४०, शेंगदाण्याचे १५०, तेलाचे १२०, लसूण-मसाला-कडीपत्त्याचे ८०, पिशव्यांचे ३०, गॅसचे ३० धरा. ५५० गेले, राहिले २५०. भडंग परतायला आई दोन तास उभी होती, तिचा वाटा काढा. पाकिटं दोघींनी भरली, त्याचे तास मोजा. मग कळतं की पाकीट २० ला विकायचं की २५ ला, हा प्रश्न खरा आहे. शिक्षकानं एवढा एक तास फळ्यावर घालवला तर तो आनंद बाजार गणिताच्या पुस्तकाहून जास्त शिकवेल. दिवाळीच्या सुट्टीत हेच काम थोडं मोठ्या प्रमाणात, गल्लीबाहेर विकायचं तर खाद्यपदार्थांची नोंदणी लागते. छोट्या उत्पादकाला ती थोडक्या पैशांत होते. ती आई-वडिलांच्या नावानं करून घ्यावी.

मोबाईलवरच्या कमाईबद्दल थोडक्यात. यूट्यूबवर पैसे मिळायला अठरा वर्षं पूर्ण लागतात, नाहीतर पालकाच्या खात्यातून व्यवहार करावा लागतो, आणि कमाईपर्यंत पोचणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. व्हिडिओचं संकलन, पोस्टर करणं, छायाचित्रण ही कसबं मात्र खरी आहेत. मंडळांना आणि लग्नाच्या फोटोग्राफरना अशी पोरं लागतात आणि ते पैसेही देतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्यानं बंदी आली, ती यायलाच हवी होती. घरपोच डबे-पार्सल पोचवणाऱ्या कंपन्या अठराच्या आत घेत नाहीत, म्हणून मोठ्या भावाच्या नावावर गाडी पळवणारी पोरं आहेत. मुलाच्या हाती गाडी दिलेली सापडली तर २०१९ पासून पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

पैसा आला की तो ठेवायचा कुठं? दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बँकेत स्वतःच्या सहीनं बचत खातं चालवता येतं. रिझर्व्ह बँकेनं २०१४ मध्ये ही मुभा दिली आणि २०२५ मध्ये नियम पुन्हा नीट मांडले. मर्यादा किती, हे ती ती बँक ठरवते. पोस्टातही दहा वर्षांवरच्या मुलाचं खातं निघतं. आपल्या पिढीला शाळेतली संचयिका आठवत असेल, आठवड्याला रुपया-दोन रुपये भरून लाल शिक्का घ्यायचा. ती सवय पुन्हा लावायला कोल्हापूरसारखा जिल्हा नाही, कारण इथं पतसंस्थेचा पिग्मी एजंट रोज गल्लीतून फिरतोच. प्राप्तिकराची भीती बहुतेकांना असते. मुलाच्या नावावरच्या ठेवीचं व्याज पालकाच्या उत्पन्नात धरलं जातं, पण त्यानं अंगमेहनतीनं किंवा स्वतःच्या कलेनं, कौशल्यानं मिळवलेला पैसा त्याचाच धरला जातो. कायद्यानं मुलाच्या श्रमाला दिलेला हा मान घरात मात्र क्वचित दिला जातो.

आणि ज्या मुलांना यातलं काहीच लागू होत नाही, त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय आढावा पुरा होणार नाही. दरवर्षी गळीत हंगामाला बीडसह मराठवाड्यातून ऊसतोड मजूर आपल्या जिल्ह्यात येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यावर मुकादमाकडून घेतलेली उचल. बरोबर आलेली मुलं पाचटात बसून धाकट्याला सांभाळतात, वाढ्याच्या पेंढ्या बांधतात आणि रस्त्याकडेला विकतात. पेंढीचे पैसे घरखर्चात जातात, कारण त्या घराकडं हंगामात रोख येणारा पैसा तेवढाच. वीटभट्टीवरही तीच गत. साखरशाळांचे प्रयोग झाले, कोल्हापुरातली 'अवनि' संस्था वीटभट्ट्यांवरच्या आणि ऊसतोडीच्या मुलांसाठी वर्षानुवर्षं झटते आहे. पण या मुलांना कमाईचे धडे देण्यात अर्थ नाही. त्यांना शाळा हवी आणि त्यांच्या आई-बापांना पुरेशी मजुरी. त्यांच्या नावानं 'मुलं लहानपणापासून स्वावलंबी होतात' असं कुणी म्हणू नये.

बाकीच्या मुलांसाठी मात्र आपण बरंच काही करू शकतो, आणि ते करू शकतील अशा संस्था याच जिल्ह्यात उभ्या आहेत. दूध संघ, साखर कारखाने, पतसंस्था, बाजार समित्या, १८५० पासून चाललेलं करवीर नगर वाचन मंदिर, महापालिकेच्या बागा, गावोगावची वाचनालयं. कागदपत्रं लावणं, पुस्तकांची नोंद करणं, रोपवाटिकेत काम, गिऱ्हाइकाला माहिती देणं, संगणकावर नोंदी भरणं, अशी बिनधोक कामं त्यांच्याकडं ढिगानं असतात. माझं मागणं एवढंच आहे की यांतल्या प्रत्येक संस्थेनं येत्या मे महिन्यात पंधरा वर्षांवरची वीस मुलं-मुली घ्यावीत, शाळेच्या पत्रावर, दिवसाला चार तास, उजेडात, हजेरीपटावर नाव लावून. निम्म्या मुली असाव्यात. मजुरी कायद्याच्या दरानं, आणि ती बापाच्या हातात न देता मुलाच्या खात्यावर. मुख्याध्यापकांनी नववी-दहावीच्या वर्गात हे पत्र द्यायची तयारी ठेवावी. आणि चौदाच्या आतलं मूल हॉटेलात, गॅरेजात, भट्टीवर राबताना दिसलं तर १०९८ या क्रमांकावर फोन करा. तो फुकट आहे आणि दिवसरात्र चालू असतो.